किरण, रज आणि अवरक्त

‘अवरक्त’ हा शब्द मराठी मुलाला पहिल्यांदा भेटतो तो विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात, आणि वाचताक्षणी त्याला त्यात रक्त दिसते. साहजिक आहे. आपल्या बोलण्यात रक्त म्हणजे शिरांतून वाहणारे, गुडघा फुटला की येणारे. ‘अव’ हा उपसर्गही मराठी कानाला फारसा बरा वाटत नाही: अवकळा, अवदसा, अवलक्षण, अवकृपा. तेव्हा अवरक्त किरण म्हणजे काहीतरी नासक्या रक्ताशी संबंधित प्रकार असावा असे एखाद्याला वाटले, तर दोष त्याचा नाही. शब्द घडवणाऱ्यांनी रक्त हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाने घेतला आणि तो जुना अर्थ आपण केव्हाच विसरलो.

संस्कृतात रक्त हे मूळचे विशेषण. धातू ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे. रंगाच्या कुंडातून बाहेर काढलेले कापड रक्त. रंगांमध्ये सगळ्यांत उठून दिसणारा तांबडा, म्हणून रक्त म्हणजे तांबडे. आणि तांबडे म्हणून मग अंगातल्या त्या द्रवाला रक्त म्हणू लागले. मराठीत हा शेवटचा अर्थ उरला आणि आधीचे दोन्ही पुसले गेले. याच धातूचे कुटुंब मात्र आपल्याकडे भरपूर नांदते आहे. रंग त्यातला, रंजन त्यातले, कपडे रंगवणारा आणि पुढे धुणारा रजक त्यातला. मन एखाद्या ठिकाणी रंगले की माणूस अनुरक्त, रंग उडाला की विरक्त. रागही त्यातलाच: गवयाचा राग मन रंगवतो, आणि घरातला राग चेहरा लाल करतो. अवरक्तातले रक्त हे या घरातले आहे. ‘अव’देखील अवतार आणि अवरोह यांतला, खालची दिशा दाखवणारा. अवरक्त म्हणजे तांबड्याच्या खालचा.

खालचा म्हणजे कशात खालचा, हा प्रश्न विचारायला हवा. प्रकाशाची वारंवारता मोजली तर अवरक्त तांबड्याच्या खाली येतो. तरंगलांबी मोजली तर तो वर जातो, कारण त्याच्या लहरी तांबड्यापेक्षा लांब असतात. इंग्रजीतल्या ‘इन्फ्रा’चा अर्थ खाली, आपण त्याचेच ‘अव’ केले. जर्मन लोक मात्र बराच काळ याच किरणांना ‘उल्ट्रारोट’ म्हणत, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचे. एकच प्रकाश, एकाला खालचा वाटला, दुसऱ्याला पलीकडचा. दोघांनीही मोजायला सुरुवात केली ती आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या पट्ट्यापासून.

ज्याने तो प्रथम शोधला त्या विल्यम हर्शेलने असले कुठलेच नाव दिले नव्हते. हा मूळचा हॅनोव्हरचा वादक, इंग्लंडात बाथ इथे चर्चचा ऑर्गन वाजवत असे. १७८१ साली त्याने युरेनस शोधला आणि संगीत मागे पडले. १८०० साली तो सूर्याकडे पाहण्यासाठी रंगीत काचा वापरून बघत होता. काही काचांतून उजेड कमी येई पण डोळ्याला ऊष्मा फार जाणवे, काहींतून याच्या उलट. मग कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे पाहावे म्हणून त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट टेबलावर पाडला, एक तापमापक एकेका रंगात ठेवला आणि तुलनेसाठी दुसरा तापमापक पट्ट्याच्या बाहेर सावलीत ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे येताना पारा अधिकाधिक चढत गेला. मग त्याने तापमापक तांबड्याच्याही बाहेर सरकवला, जिथे टेबलावर काहीच रंग पडलेला नव्हता. पारा तिथेही चढला, तांबड्यातल्यापेक्षाही जास्त. हर्शेलने या किरणांचे नाव त्यांच्या कामावरून ठेवले, उष्णता देणारे किरण. पुढच्याच वर्षी योहान रिटरने जांभळ्याच्या बाहेर ठेवलेले सिल्व्हर क्लोराइड काळे पडलेले पाहिले आणि त्याही किरणांना पहिले नाव त्यांच्या रासायनिक गुणावरूनच मिळाले. जागेवरून ठेवलेली नावे नंतर आली आणि तीच टिकली.

मला हर्शेलचे नामकरण जास्त जवळचे वाटते, कारण मराठीने तेच केले आहे, आणि त्याहून बारकाईने. चुलीवर तवा तापत ठेवा. तो तांबडा झालेला नाही, काळाच आहे. भाकरी टाकण्याआधी बाई त्याच्यावर तळहात धरते, वीतभर अंतरावर, एका बाजूने. तव्याला हात लावला तर चटका बसेल, वरून येणारी गरम हवा तोंडावर आली तर झळ लागेल, पण बाजूने, न शिवता, तळहाताला जे कळते ती धग. शाळेत आपण उष्णता पोहोचण्याच्या तीन रीती शिकतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. बोलीने त्यांना फार पूर्वीच वेगवेगळे शब्द दिलेले आहेत. सीमा काटेकोर नाहीत हे खरे. निखाऱ्याचीही झळ लागते आणि महागाईचीही. पण धग हा शब्द दुरून, मध्ये काही नसताना येणाऱ्या तापासाठीच सहज तोंडात येतो, आणि ती धग म्हणजे बव्हंशी अवरक्त प्रकाश. २२५ अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला तवा सर्वांत जास्त प्रारण देतो ते सुमारे ६ मायक्रॉन तरंगलांबीला. आपण स्वतः देतो ते साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास. डोळ्याला दिसणारा पट्टा ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा, म्हणून अंधारात तवाही दिसत नाही आणि माणूसही.

यातून दुर्बिणीची मोठी अडचण उभी राहते. दुर्बीण हा शब्द फारसीतून आला, दूर आणि बीन, म्हणजे दूरचे पाहणारी. पण अवरक्तात पाहणारी दुर्बीण स्वतःच धग देत असते. तिचा आरसा, नळी, कॅमेरा, सगळेच १० मायक्रॉनला उजळलेले असतात, आणि भोवतीची हवाही. दिवसाढवळ्या तारे बघायचा प्रयत्न करावा तसली ही गत. वातावरणातली वाफ तर अवरक्ताचे मोठाले पट्टे गिळूनच टाकते. म्हणून लडाखमध्ये हान्ले इथे ४५०० मीटरवर दुर्बीण बसवायची, म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनला एक मीटर व्यासाची दुर्बीण बांधून वर धाडायची, आणि त्याहून पुढे जायचे तर थेट अवकाशात. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पाच पदरी छत्रीच्या सावलीत असते. साडेसहा मीटरचा तिचा सोन्याचा मुलामा दिलेला आरसा उणे २२० अंशांच्याही खाली गेलेला आहे, आणि तिचे सर्वांत लांब लहरींचे उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर ७ अंशांच्या आत ठेवावे लागते. स्वतःची धग घालवल्याशिवाय दुसऱ्याची कळत नाही.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल थोडेसे. तानापिहिनिपाजा घोकलेल्यांना ठाऊक आहे की मराठी वर्णपट तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत जातो, मध्ये पारव्याचा रंगही आहे. तांबडा आला ताम्रापासून, जांभळा जांभळापासून. जांभळ्याच्या पलीकडच्या किरणांना मराठी विश्वकोशाने जंबुपार म्हटले, आणि किती छान म्हटले! पाठ्यपुस्तकांत आता अतिनील रूढ आहे. त्यात जांभूळ गेले आणि नुसतेच जास्त निळे काहीतरी राहिले. मी जंबुपारच लिहितो.

आता ‘किरण’. हा शब्द ‘कॄ’ धातूपासून आला, विखरून टाकणे हा त्याचा अर्थ. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण ही त्याचीच भावंडे. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत प्रकाश विखुरण्याला विकिरण म्हणतात, तर हिंदीत तोच शब्द प्रारणासाठी चालतो, आणि दोन्ही भाषांतले विज्ञान वाचणाऱ्याचा तिथे हमखास घोटाळा होतो. पण मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश उघडला की खरे नवल दिसते. किरण या नोंदीत प्रकाशाची शलाका हा अर्थ पहिला नाही. पहिला अर्थ आहे धूळ, अतिशय बारीक धूळ, आणि दाखला ऋग्वेदाचा. घोड्याच्या टापांनी उडते ती. उजेडाला हे नाव नंतर मिळाले.

धुळीचा दुसरा शब्द रज, आणि त्याचा प्रवास नेमका याच्या उलटा. आज आपल्याला चरणरज ठाऊक आहे, रजःकण ठाऊक आहे. ऋग्वेदात मात्र रजस् म्हणजे बहुतेक ठिकाणी पृथ्वी आणि द्युलोक यांच्यामधला धूसर प्रदेश, अंतरिक्ष. पहिल्या मंडलातल्या पस्तिसाव्या सूक्तात सवितृदेव येतो तो काळोख्या रजातून. जुने कोशकार रजस् हा शब्द रञ्ज्‌कडे नेत, म्हणजे पुन्हा रक्ताच्याच घरी. तुलनात्मक भाषाशास्त्र त्याचे नाते ग्रीकांच्या ‘एरेबोस’शी, काळोखाशी, जोडते. ऋषींना ताऱ्यांमधली धूळ ठाऊक होती असे सिद्ध करायला मी निघालेलो नाही. तसे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय आणि विज्ञानावरही. पण भाषेत उजेड, धूळ आणि काळोखे आकाश हे तीन अर्थ इतके जवळजवळ राहत आलेले आहेत, आणि अवरक्त खगोलशास्त्राचा सगळा व्यवहार याच तिघांमध्ये चालतो, हे पाहून शब्दांत रमणाऱ्या माणसाला आनंद झाल्याशिवाय राहत नाही.

कारण ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नाही. तिथे वायू आहे आणि त्यात सिलिकेटांचे, कार्बनचे, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून लहान कण आहेत. दृश्य प्रकाशाची लहर साधारण या कणांच्या जोडीची, म्हणून कण तिला शोषतात, विखुरतात. अवरक्ताची लहर त्यांच्यापेक्षा पुष्कळ लांब, ती त्यांना फारशी न जुमानता पुढे निघून जाते. लिक वेधशाळेच्या रॉबर्ट ट्रम्प्लरने १९३० साली दूरचे तारकागुच्छ अंतराच्या मानाने अधिकच फिके दिसतात हे दाखवून ही धूळ सर्वत्र पसरलेली असल्याचे सिद्ध केले. तोवर आकाशगंगेतले काळे डाग म्हणजे नुसत्या रिकाम्या जागा असाव्यात असे पुष्कळांना वाटे.

तसे वाटणाऱ्यांत हर्शेल होता. १७८५ साली छापलेल्या निबंधात त्याने वृश्चिकेच्या अंगातल्या सुमारे चार अंश रुंदीच्या एका भोकाची नोंद केली आहे. तारेच नसलेली ही जागा म्हणजे आकाशाला पडलेले छिद्र, असे त्याने मानले. ती जागा ज्येष्ठा नक्षत्राच्या शेजारी आहे. आज आपण तिला ऱ्हो ऑफियुकी मेघ म्हणतो, ३९० प्रकाशवर्षांवरचा, तारे जन्माला घालणाऱ्या प्रदेशांतला आपल्याला सर्वांत जवळचा. वेब दुर्बिणीने पहिले वर्ष पुरे केले तेव्हा, १२ जुलै २०२३ रोजी, जे चित्र प्रसिद्ध झाले ते याच मेघाच्या एका तुकड्याचे. त्या एवढ्याशा तुकड्यात सुमारे ५० कोवळे तारे आहेत, काहींच्या दोन्ही अंगांनी हायड्रोजनचे लालभडक झोत निघालेले. भोक म्हणून नोंदवलेल्या जागेच्या आत पाहता आले ते ज्या किरणांनी, ते हर्शेलला स्वतःच पंधरा वर्षांनी टेबलावर सापडले होते. ते तिकडे रोखायला लागणारी साधने मात्र त्याच्या हयातीत नव्हती.

ज्येष्ठेच्या पुढचे नक्षत्र मूळ. विंचवाची नांगी. तिच्यापासून थोडे पूर्वेकडे, धनू राशीत, आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे, २६ हजारांहून थोडी जास्त प्रकाशवर्षे दूर. मध्ये इतकी धूळ आहे की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांमधला एखादाच आपल्यापर्यंत येतो. २.२ मायक्रॉनला मात्र दहातला एक येतो. एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउअर यांना १९६६ साली याच तरंगलांबीत केंद्राचा उजेड प्रथम सापडला. पुढे राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी तिथले तारे एकेक करून वर्षानुवर्षे टिपले. त्यांतला एक, एस-२, सोळा वर्षांत एक फेरी पुरी करतो, आणि ज्याच्याभोवती करतो तिथे ४० लाख सूर्यांएवढे वस्तुमान असूनही तारा म्हणून काहीही नाही. त्या कृष्णविवरासाठी दोघांना २०२० सालचे नोबेल मिळाले. हे सगळे काम अवरक्तातच झाले.

धूळ आडवी येते, तशी ती बोलतेही. गिळलेला प्रकाश तिच्यात मुरून जात नाही. कण तापतात आणि धग देतात. ही धग फार थंड, उणे २४० अंशांच्या आसपासची, म्हणून तिच्या लहरी १०० मायक्रॉनपर्यंत लांब. विश्वाच्या इतिहासात ताऱ्यांनी दिलेल्या प्रकाशापैकी साधारण निम्मा असा धुळीत जाऊन अवरक्त होऊन बाहेर आला आहे. किरणचा वैदिक अर्थ घेतला तर हे किरणांतून निघालेले किरण.

१९८३ साली आयरास नावाचा उपग्रह हेलियमने थंड ठेवलेली दुर्बीण घेऊन जवळपास सबंध आकाश अवरक्तात पाहून आला. मापे जुळवून घेण्यासाठी त्याने अभिजित ताऱ्याकडे पाहिले, कारण अभिजितचे तेज खगोलशास्त्रात मापाचा दगड मानले जाई. निकाल विचित्र आला. लांब लहरींत अभिजित हिशेबापेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी निघाला. ताऱ्याभोवती उबदार धुळीचे कडे होते. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रहांच्या कच्च्या मालासारखे काही असल्याचा तो पहिला पुरावा. २०२४ साली वेबने ते कडे पुन्हा पाहिले तेव्हा ते आश्चर्य वाटावे इतके सपाट, मोठ्या ग्रहाने पाडलेल्या खाचांशिवाय दिसले.

एकाच तरंगलांबीवर विसंबले तर काय होते ते काक्षी ताऱ्याने दाखवले. मृगातला हा तांबडा तारा २०१९ च्या अखेरीपासून मंदावू लागला, आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे दृश्य तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेले. त्याचा स्फोट जवळ आला म्हणून चर्चा सुरू झाली. अवरक्तात मात्र तो जवळपास होता तसाच होता. जपानचा हिमावारी-८ हा हवामान उपग्रह पृथ्वीची चित्रे घेतो, त्यांच्या कडेला काक्षी अधूनमधून येतो. त्या चित्रांतून १० मायक्रॉनच्या आसपासची मापे काढली गेली आणि धुळीची खूण मिळाली. ताऱ्याच्या पृष्ठाचा एक भाग थंडावला होता, आणि त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ बनून ती आपल्या बाजूला आडवी आली होती.

ताऱ्यांपलीकडे दीर्घिका. हा शब्द मला मराठी विज्ञानलेखनाची कमाई वाटतो. ग्रीकांनी आकाशातल्या त्या पट्ट्यात दूध पाहिले, आपल्या पूर्वजांनी गंगा. पण आपली आकाशगंगा ही असंख्यांतली एक आहे हे १९२०च्या दशकात एडविन हबलच्या मापांनी ठरले, तेव्हा सर्वांसाठी एक सामान्यनाम हवे झाले. इंग्रजीने जुन्याच शब्दाचे पहिले अक्षर लहान करून भागवले. मराठीने आपल्या घराला आकाशगंगा ठेवले आणि इतरांना दीर्घिका म्हटले. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट आकाराचे बांधीव तळे. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात ओसाड पडलेल्या अयोध्येचे वर्णन आहे, तिथल्या दीर्घिकांमध्ये पूर्वी स्त्रिया जलक्रीडा करीत आणि आता रानरेडे शिंगांनी पाणी डहुळतात. देवयानी दीर्घिका साध्या डोळ्यांना खरोखरच लांबट, धूसर पाण्याच्या तुकड्यासारखी दिसते. दृश्य प्रकाशात तिचा मधला भाग पिवळसर, म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेला. हर्शेलचेच नाव दिलेल्या दुर्बिणीने ती दूरच्या अवरक्तात पाहिली तर मध्य फिका पडतो आणि थंड धुळीची एकात एक वलये उजळतात, जिथे नवे तारे होत आहेत. क्ष-किरणांत पुन्हा मध्य भरतो, कारण तिथे मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष शेजारच्या ताऱ्यांचा वायू ओढून तापवत आहेत. जन्म एका पट्ट्यात, मरण दुसऱ्यात. तारे अजून ज्यातून व्हायचे तो हायड्रोजन रेडिओ लहरींत सापडतो, आणि तो ऐकायला आपल्या नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० तबकड्या उभ्या आहेत.

अशा चित्रांतले रंग खोटे असतात अशी तक्रार नेहमी कानावर येते. वेबच्या चित्रांत सर्वांत लांब लहरींना तांबडा रंग देतात, सर्वांत आखूड लहरींना निळा, आणि मधल्यांना क्रमाने मधले. काळी पाचमधला राग काळी एकमध्ये गायला तर स्वर सगळे बदलतात, पण त्यांची आपसातली अंतरे तीच राहतात आणि राग तोच राहतो. ही पट्टी बदलणे आहे. ऑर्गन वाजवणाऱ्या हर्शेलला ते सांगावे लागले नसते.

कधी कधी पट्टी निसर्गच बदलतो. विश्व प्रसरण पावते, तसा वाटेवरचा प्रकाश ताणला जाऊन तांबड्याकडे सरकतो. याला मराठीत ताम्रसृती म्हणतात. इथे रक्त न घेता तांबड्यातले ताम्र घेतले आहे, आणि सृती म्हणजे सरणे. जंबुपार, अवरक्त आणि ताम्रसृती हे शब्द एकमेकांशेजारी ठेवले की पट्ट्यांच्या सीमा केव्हा ओलांडल्या जातात आणि केव्हा नाही ते कळते. पुण्याच्या आयुकातल्या कनक साहा यांच्या चमूला २०२० साली अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या दुर्बिणीतून ९३० कोटी प्रकाशवर्षांवरची एक दीर्घिका सापडली. तिचा प्रकाश निघताना सुमारे ६० नॅनोमीटरचा होता, आला तो १५० नॅनोमीटरच्या आसपास; निघाला जंबुपार आणि पोहोचलाही जंबुपारच. वेबने २०२४ साली जाहीर केलेल्या जेडीज-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेची ताम्रसृती १४ हून थोडी जास्त आहे; तीत एक मिळवला की ताण कळतो, म्हणजे तिच्या लहरी ताणून पंधरापट झाल्या आहेत. विश्वाचे वय ३० कोटी वर्षांचेही नव्हते तेव्हाची ती. हायड्रोजनची १२२ नॅनोमीटरची जंबुपार खूण तिच्याकडून येते ती १.८ मायक्रॉनला, अवरक्त होऊन. आणि २०२५ साली चिलीतल्या आल्मा वेधशाळेने त्याच दीर्घिकेत ऑक्सिजन ओळखला. त्या ऑक्सिजनचा प्रकाश निघाला तेव्हा ८८ मायक्रॉनचा, म्हणजे पक्का अवरक्त होता. अँटेनावर तो पडला तेव्हा त्याची लहर १.३ मिलिमीटरची झाली होती.